डोळेवालीची चूक

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधेच अडकली, जोराचा झटका बसला, आणि डोळेवालीच्या हातातला डबा खाली पडून उघडला. काळे, घारे, तपकिरी, एक निळसर... सगळे डोळे लिफ्टभर पसरले. कृत्रिम डोळा गोटीसारखा गोल नसतो, शिंपल्यासारखा असतो. त्यामुळे ते कुठे घरंगळले नाहीत. जिथे पडले तिथूनच टक लावून वर बघत राहिले.

लिफ्टमध्ये आणखी एक माणूस होता. उंच, उन्हाने रापलेला, इमारतीच्या आतही गॉगल लावून हिंडणारा. दुसरं कोणी असतं तर किंचाळलं असतं. हा थोडा वेळ खाली बघत राहिला आणि म्हणाला,

“बापरे... एवढ्या जणांनी माझ्याकडे आयुष्यात कधी बघितलं नव्हतं.”

“पाय हलवू नका,” ती म्हणाली. “एक चरा पडला तरी सगळी मेहनत पाण्यात.”

तो गुमान खाली बसला आणि एक तपकिरी डोळा उचलायला गेला. हाताची मूठ डोळ्याच्या अलीकडेच मिटली, रिकामी. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. तेव्हा तिच्या लक्षात आलं.

“कधी काढला?”

“काय?”

“डोळा. हल्लीच काढलेला दिसतोय. आधी जमिनीला हात टेका, मग सरकवत न्या... हां, असा. एका डोळ्याला अंतराचा अंदाज येत नाही.”

त्याने तसं केलं आणि डोळा हाताला लागला. तो त्याने तळहातावर धरून तिच्यापुढे केला, एखादं फूल द्यावं तसा. “मी डोळेवाल्या बाईंकडेच निघालो होतो. फार कडक आहेत म्हणे. वॉचमन म्हणाला, हलू नका, बोलू नका, नाहीतर खेकसतात.”

“बरोबर सांगितलं त्याने,” ती म्हणाली. “आता डबा धरा नीट. आणि हलू नका.”

मग त्याला उलगडा झाला. गॉगलच्या दांड्यांखाली त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या तिला दिसल्या. लिफ्ट सुरू व्हायला बराच वेळ लागला, आणि खरं सांगायचं तर दोघांनाही तो फारसा जाचला नाही.

तो क्रेन चालवायचा. बांधकामांवरची ती उंच क्रेन, जिच्या काचेच्या केबिनमधून, त्याच्याच म्हणण्याप्रमाणे, जगातल्या सगळ्या मोठ्या माणसांचं टक्कल दिसतं. डाव्या डोळ्यात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी डोळाच काढला. एका डोळ्याच्या माणसाला क्रेनवर कोण चढू देणार? कंपनीने त्याला जमिनीवर आणून हेल्मेटं वाटायला बसवलं. हे सगळं तो हसत हसत सांगायचा, आणि सांगून झालं की वर आभाळाकडे बघत राहायचा.

डोळेवालीची खोली छोटी होती. उत्तरेला एकच मोठी खिडकी, म्हणजे दिवसभर उजेड सारखा. हे काम तिने वडिलांकडून घेतलं होतं, आणि वडिलांचा नियम होता की रंगवताना पेशंटने भिंतीवरच्या काळ्या ठिपक्याकडे बघायचं, रंगवणाऱ्याकडे नाही. ती वीतभर अंतरावर बसायची, त्याच्या चांगल्या डोळ्यात डोकवायची आणि केसाएवढ्या कुंचल्याने एकेक रेघ बुबुळाच्या चकतीवर उतरवायची. तपकिरीत थोडा हिरवा, कडेला राखाडी.

“ठिपका!” ती ओरडायची.

“बघतोय ना.”

“ठिपका भिंतीवर आहे. माझ्या नाकावर नाही.”

“नाकावर पण आहे एक. बारीक... उजवीकडे.”

“तो तीळ आहे.”

“मग मी तिळाकडे बघतो. काळाच आहे की!”

तिशी उलटलेली, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेली बाई; दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायचं आणि संध्याकाळी हात धुऊन घरी जायचं, हा तिचा शिरस्ता. पण त्या दिवसांत तिचा कुंचला मधेच थांबायला लागला. तिने त्याला ठिपक्याकडे बघायला सांगणं हळूहळू सोडूनच दिलं.

डोळा बसला. सुरेख बसला. तरी तो येतच राहिला... आज टोचतोय, आज कोरडा वाटतोय, आज जरा पॉलिश करता का. एक दिवस ती म्हणाली, “डोळ्याला काही झालेलं नाही. उगाच कशाला येता?” तो म्हणाला, “चहा प्यायला चला म्हणायला रोज येतो. रोज डोळ्याचंच काहीतरी बोलून परत जातो.” त्या दिवशी चहाच्या टेबलावर त्याने तिचा हात धरायला हात पुढे केला आणि साखरेची बरणी धरली. मग तिनेच बरणी बाजूला केली आणि आपला हात तिथे ठेवला.

असे काही महिने गेले, आणि पुढच्या महिन्यात लग्नाची नोंदणी करायची ठरली. त्याआधी समुद्राजवळच्या जंगलातल्या एका लॉजवर जाऊन यायचं, हे त्याचंच खूळ. “माझी साइट होती तिथून समुद्र रोज दिसायचा,” तो म्हणायचा, “पण मी वर आणि तो खाली. पाय कधी भिजलेच नाहीत.”

निघायच्या आदल्या दिवशी त्याची ताई डोळेवालीच्या खोलीवर आली. धाकट्या भावाला आईच्या मायेने वाढवलेली, बोलायला रोखठोक बाई. ती पेशंटच्या खुर्चीत बसली आणि पर्स मांडीवर घट्ट धरून म्हणाली,

“तुला सांगायचं नाही म्हणून त्याने मला शपथ घातलीय. मी मोडतेय.”

“काय झालं, ताई?”

“गाठ लिव्हरमध्ये उतरलीय. परवा कळलं. डॉक्टर म्हणाले, औषधं देऊ, पण... फार आशा धरू नका.” ताईने डोळे पुसले नाहीत, नुसतं वाहू दिलं. “तो तुला तिकडे नेऊन भांडण उकरून काढणार आहे. तू चिडून निघून जावंस म्हणून. वेडा आहे. लहानपणापासून त्याला धड भांडता येत नाही. तू काय करायचं ते कर, तुला कुणी बोल लावणार नाही. पण आंधळेपणाने जाऊ नकोस, एवढंच.”

ताई गेल्यावर डोळेवाली बराच वेळ तशीच बसून राहिली. जाऊ नये असं तिला वाटलं का? वाटलं. खोटं कशाला सांगा. आपण वर्षभर आधी कशा सुखात होतो, हेही वाटलं. मग ती घरी गेली आणि बॅग भरली.

लॉज म्हणजे दाट झाडीत लाकडी खांबांवर उभ्या केलेल्या चार खोल्या. चादरींना ओल्या लाकडाचा वास, पलंगावर मच्छरदाणी, छपरावर माकडांची धावपळ. समुद्र दिसायचा नाही, पण सारखा ऐकू यायचा. हवा इतकी दमट की टॉवेल वाळत घातला तर जास्तच ओला व्हायचा. लॉजवाल्या मावशी एकट्याच सगळा कारभार बघायच्या. जोडप्याला बघून त्या खुलल्या, आणि पपईची जास्तीची बशी पाठवून दिली.

क्रेनवाल्याने पहिल्याच संध्याकाळी कामाला सुरुवात केली.

“तू फार बोलतेस,” तो म्हणाला.

जीपमध्ये बसल्यापासून तिने चार शब्दही उच्चारले नव्हते. “बरं,” ती म्हणाली.

“आणि... आणि ‘बरं’ काय म्हणतेस सारखं?”

ती बॅगेतले कपडे काढायला लागली. त्याला पुढे काही सुचेना. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! सकाळी ती उठली तेव्हा तो पायरीवर बसून तिच्या चपला उलट्या करून झटकत होता, आत विंचू-किडा नाही ना म्हणून. तिला बघितल्यावर त्याला एकदम आपलं काम आठवलं आणि तो म्हणाला, “चपला कुठेही टाकतेस. अक्कल नाही तुला.” आणि त्या चपला त्याने तिच्या पायांपुढे जोडीने नीट लावून ठेवल्या.

हसावं की रडावं तिला कळेना. तिने ताकास तूर लागू दिली नाही. त्याला सांगायचं असेल तेव्हा सांगू दे, असं ती मनाशी म्हणत होती, पण आतून तिला रागही येत होता. मरणाचं आपल्यापासून लपवतो, आणि वर आपल्याला अक्कल नाही म्हणतो!

दुपारी दोघं झाडीतल्या पायवाटेने किनाऱ्यावर गेले. आभाळ भरून आलेलं, समुद्र शिशासारखा, वाळूवर चिटपाखरू नाही. तो गुडघाभर पाण्यात उभा राहिला. तिने बघितलं, या थोड्याशा चालण्यानेही त्याला धाप लागली होती, आणि शर्ट खांद्यांवर सैल लोंबत होता. हे आपल्याला आधी कसं दिसलं नाही? दिवसभर डोळ्यांत बघणाऱ्या बाईला माणूस दिसला नाही. तेवढ्यात वारा सुटला, वाळू उडाली, आणि त्याने गॉगल काढून डावा डोळा चोळला.

“चोळू नकोस. वाळू गेलीय. वर जाऊन धुऊन देते.”

व्हरांड्यात तिने त्याला खुर्चीत बसवलं, खालची पापणी दाबून डोळा अलगद काढला, उकळून गार केलेल्या पाण्यात धुतला आणि परत बसवला. मावशी चहा घेऊन आल्या होत्या. त्या तशा भोळ्या मनाने बोलल्या, “साहेब, तुमच्या डोळ्यांतला एक जरा वेगळा दिसतो हो. आतलं काळं मोठं आहे.”

“मावशी, माणसाला नजर लावता का?” तो हसून म्हणाला. मावशी जीभ चावून आत गेल्या. आणि मग त्याचं हसणं मावळलं. त्याला भांडायला जागा सापडली होती.

“बघितलंस? परक्या बाईलासुद्धा दिसतं,” तो झाडीकडे बघत म्हणाला. “ताई पण म्हणाली होती. ऑफिसात पोरं म्हणतात. मी बोललो नाही, म्हटलं तुला वाईट वाटेल. पण आता सांगतो. तुझं काम चुकलंय. माझा चेहरा बिघडवून ठेवलायस तू.”

हे मात्र लागलं. अक्कल काढली, चालेल. बडबडी म्हटलं, चालेल. पण हाताखालून गेलेल्या एकाही डोळ्याला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं.

“माझं काम चुकत नाही,” ती म्हणाली.

“चुकलंय.” त्याचा आवाज कापत होता, पण तो थांबला नाही. “आणि ऐक... आणखी पण एक चुकलंय. तुझ्यावर माझं प्रेम-बिम काही नव्हतं. डोळा गेला होता, क्रेन गेली होती, एकटा पडलो होतो. कुणीतरी जवळ बसून बोलत होतं म्हणून मी येत राहिलो. दुसरी कुणी असती तरी आलो असतो. लग्न नको करूया. उद्या सकाळी जीप जाते. तू जा.”

छपरावरून एक माकड धडधडत गेलं. ती उठली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि कामावर असताना वापरायची त्या आवाजात म्हणाली, “समोर बघ. त्या झाडाकडे.”

“कशाला?”

“बघ म्हणते ना.”

त्याने झाडाकडे बघितलं. तिने हनुवटी धरून त्याचा चेहरा उजेडाकडे वळवला. मावशी खोटं बोलल्या नव्हत्या. चांगल्या डोळ्याची बाहुली बारीक होती, आणि तिने रंगवलेली बाहुली तिच्या जवळजवळ दुप्पट. आंधळ्यालाही दिसेल अशी चूक! इतके महिने रोज हा चेहरा बघूनही ती तिच्या नजरेतून सुटली कशी? वडिलांनी बघितलं असतं तर कुंचला काढून घेतला असता.

“आता माझ्याकडे बघ,” ती म्हणाली.

तो बघेना. जमिनीकडे, चहाच्या कपाकडे, स्वतःच्या ओल्या पायांकडे... सगळीकडे बघून झालं.

“माझ्याकडे.”

शेवटी त्याने वर बघितलं. आणि तिच्या डोळ्यांदेखत ती बारीक बाहुली सावकाश मोठी व्हायला लागली. होत होत ती रंगवलेल्या बाहुलीएवढी झाली आणि थांबली. दोन्ही डोळे एकसारखे. तिच्या खोलीत दिसायचे तसे, चहाच्या टेबलावर दिसायचे तसे, अगदी बिनचूक.

ती शेजारच्या खुर्चीत बसली.

“खरंच चुकले मी,” ती म्हणाली. “जवळचं बघताना बाहुली लहान होते. सगळ्यांची होते. तुझी मोठी व्हायची... आणि मी आपली तशीच रंगवत गेले. तू ठिपक्याकडे बघत नव्हतास आणि मला ते आवडत होतं. मी बघेन तेव्हा तू माझ्याकडेच बघत असायचास. मला चूक दिसणार कधी?”

त्याने डोळे मिटून घेतले. आता मिटून काय उपयोग!

“दुसरी कुणी असती तरी चाललं असतं म्हणालास ना? आता ताईकडे बघ, मावशींकडे बघ, ऑफिसातल्या पोरांकडे बघ, होते का एवढी मोठी? तू बोलशील ते खोटं बोलशील, रे. ही बाहुली खोटं बोलत नाही.” मग ती चहाचा कप बाजूला सारून म्हणाली, “लिव्हरचं मला माहितेय. ताईने सांगितलं. निघायच्या आधीच.”

त्याने चेहरा ओंजळीत लपवला. खांदे नुसते हलत होते. “माहीत होतं... आणि तरी आलीस?”

“आले.”

“मग मी सकाळी अक्कल काढली तेव्हा...”

“तेव्हा तुझं थोबाड फोडावंसं वाटलं होतं. अजून वाटतंय.”

तो हसायला गेला आणि ते रडणंच निघालं. एका डोळ्यातून पाणी गालावर आलं, दुसऱ्यातूनही आलं. तिला ठाऊक होतं, डोळा गेला तरी पाणी जात नाही.

“तुला कळत नाही,” तो म्हणाला. “माझे बाबा असेच गेले. आईने सगळं केलं त्यांचं, वर्षानुवर्षं. सुरुवातीला प्रेमाने केलं. मग मुकाट्याने. शेवटी शेवटी तिला त्यांचा राग यायचा, गं. चमचा तोंडात कोंबायची. बाबा गेले तेव्हा ती रडली नाही... झोपली. दिवसभर झोपली. आणि आम्ही दोघं भावंडं तिला उठवायला घाबरत होतो. तू माझ्यावर चिडलेली मला बघायची नाहीय. मी मेल्यावर तुला बरं वाटावं, हे मला सोसणार नाही.”

कुठल्याही चांगल्या प्रेयसीने इथे म्हणायचं असतं, ‘असं कधी होणार नाही.’ तिच्याने ते म्हणवलं नाही.

“मीही चिडेन,” ती म्हणाली. “मी मुळातच चिडकी आहे, वॉचमनला विचार. आणि दमले तर झोपेन पण. तुझी आई दमली होती, एवढंच. तिचं प्रेम आटलं होतं असं तुला कुणी सांगितलं?”

पण त्याचा हट्ट सुटेना. “तरी उद्या तू जा,” तो पुटपुटला. “माझं ऐक. जीप सकाळी आहे.”

“परत गेल्यावर बाहुली बारीक करून देते. लोक हसतात ते बरं नाही.”

“नको,” तो चटकन म्हणाला. “असू दे तशीच.”

संध्याकाळी पाऊस आला. झाडांवर आदळणारा, छपरावर ताशा वाजवणारा. मावशींनी पाठवलेला मासे-भात तिने खाल्ला, त्याने नुसता चिवडला. थोड्या वेळाने त्याला हुडहुडी भरली, आणि मग उलट्या सुरू झाल्या. मोरीपर्यंत जायलाही त्याला सवड मिळाली नाही. शर्ट, चादर, जमीन, मच्छरदाणीची कड, सगळं खराब झालं. खोलीत तो आंबूस वास भरला. तो पलंगाच्या कडेला वाकून बसला होता, आणि उलटीपेक्षा त्याला लाजेने जास्त मेल्यासारखं झालं होतं.

“बघितलंस?” तो धापा टाकत म्हणाला. “हे असं. आणि ही तर सुरुवात आहे. आता तरी जा... प्लीज.”

तिने उत्तर दिलं नाही. मावशींकडून बादली आणि दुसरी चादर आणली. त्याचा शर्ट काढला, तोंड पुसलं, पाठ पुसली. बरगड्या हाताला लागत होत्या. जमीन पुसताना तिला स्वतःलाच उमळून आलं. ती दाराशी गेली, पावसाची ओली हवा छातीत भरून घेतली, आणि परत येऊन उरलेली जमीन पुसली. त्याने ते बघितलं. तिने ते लपवलं नाही. तिला भीती वाटत होती, किळस वाटत होती, आणि त्या माणसाला सोडून जायचं नाही हेही तिला तितकंच पक्कं वाटत होतं. तिन्ही एकाच वेळी.

हात साबणाने धुऊन ती पलंगाशी आली. तो कूस वळवून, पलंग अडवून, मधोमध पडला होता. मुद्दाम. तिच्यासाठी जागाच ठेवायची नाही असा.

तिने मच्छरदाणी वर उचलली. पाऊस पडत होता.

“सरक,” ती म्हणाली.

तो हलला नाही.

“उद्याची जीप जाऊ दे, परवाची जाऊ दे. मला कंबर टेकायचीय, मी दमलेय. सरक ना, रे.”

ती उशी हातात घेऊन उभीच राहिली. मग त्याने भिंतीकडे तोंड केलं, कोपरावर भार दिला, आणि सावकाश, कण्हत, तो सरकला.